सेल्युलोजचे जेल: बनवणे सोपे, मोजणे अवघड

शुद्ध सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी धरून ठेवणारे जेल तयार करण्यासाठी मी त्याची दोन विद्राव्य रूपे घेतली: सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजेच सीएमसी, आणि हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज, म्हणजेच एचईसी. सीएमसीवरील ऋणभारित गटांमुळे जेल भरपूर पाणी ओढते, परंतु याच गटांमुळे सेल्युलोजच्या लांब रेणुसाखळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि त्यांच्यात बंध जुळणे कठीण होते. म्हणून वजनाने ३:१ या प्रमाणात एचईसीची जोड दिली. बंध जोडण्याचे काम सायट्रिक आम्लाकडे सोपवले.

पूड एकदम पाण्यात टाकल्यास बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, व त्या नंतर कितीही ढवळले तरी लवकर फुटत नाहीत. म्हणून पाण्यात भोवरा पडेल इतक्या वेगाने स्टिरर चालवून पूड थोडी थोडी भुरभुरवली. द्रावण पेट्री डिशमध्ये ओतून आधी ३० अंश सेल्सिअसला वाळवले आणि मगच ओव्हन ८० अंशांवर नेला. हा क्रम चुकवून चालत नाही, कारण सायट्रिक आम्लाचे अ‍ॅनहायड्राइड (पाणी गमावलेले रूप) होऊन सेल्युलोजवरील हायड्रॉक्सिल (-OH) गटाशी एस्टर बंध जुळताना पाणी बाहेर पडते. नमुन्यात ओल उरली असेल तर अभिक्रिया रेंगाळते.

खरा कस लागला तो चाचणीत. बंधात न अडकलेला पॉलिमर आणि उरलेले आम्ल धुऊन काढल्याशिवाय फुगण्याचे मोजमाप करण्यात अर्थ नाही, म्हणून नमुना डिस्टिल्ड पाण्यात धुऊन पुन्हा वाळवला आणि शिल्लक वजनावरून जेलचा अंश, म्हणजे बंधात खरोखर अडकलेला भाग, काढला. फुगलेल्या वजनातून कोरडे वजन वजा करून त्याला कोरड्या वजनाने भागायचे, एवढेच फुगण्याचे सूत्र आहे. तथापि फुगलेला तुकडा काचेसारखा पारदर्शक आणि बुळबुळीत असतो, तो चिमट्यात धरला की फाटतो, आणि पृष्ठभागावरचे पाणी टिपण्यासाठी फिल्टर पेपर जरा दाबून टेकवला की आतले पाणीही निघून येते. माझ्या मते प्रकाशित आकड्यांतील बरीचशी तफावत हे पाणी टिपून घेण्याच्या पद्धतीतूनच येत असावी. मी अखेरीस नायलॉनच्या जाळीदार पिशवीचा मार्ग धरला: पिशवी ठरावीक वेळ टांगून निथळू द्यायची आणि रिकाम्या ओल्या पिशवीचे वजन वजा करायचे.

०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तोच नमुना कितीतरी कमी फुगला, कारण बाहेरच्या आयनांमुळे पाणी आत ओढणारा परासरण दाब घटतो. कॅल्शियमच्या द्रावणात तो आणखी आक्रसला. कॅल्शियमचा द्विभारित आयन सीएमसीवरील दोन ऋणभारित (कार्बॉक्सिलेट) गटांना एकत्र बांधतो.

आम्लाचे प्रमाण वाढवल्यावर ऱ्हिओमीटरवर (पदार्थाचा प्रवाह व ताठरपणा मोजणाऱ्या यंत्रावर) जेलचा स्थितिस्थापक गुणांक, म्हणजे ताठरपणा, वाढला आणि फुगणे घटले. सर्वांत जास्त फुगणारा नमुना हातात उचलताही येत नव्हता, म्हणून पुढील कामासाठी मधल्या प्रमाणाचा नमुना निवडला.