नान्नजचा माळ आणि रामलिंगचा पळस

होळी जवळ आली की सोलापूरचं ऊन चटके द्यायला लागतं आणि लोक थंड हवेची ठिकाणं शोधायला लागतात. मला विचाराल तर हेच दिवस बार्शी रस्त्याला लागायचे. या वेळी सोबत एक चित्रकार होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. माझ्या गळ्यात दुर्बीण, त्यांच्या खांद्याला रंगांची पिशवी.

उजाडता उजाडता नान्नज गाठलं. माळढोकासाठी इथे 1979 मध्ये अभयारण्य झालं. माळढोक दिसेल या आशेनं आता कुणी येऊ नये. महाराष्ट्रात तो जवळजवळ संपलाय. जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालणारा हा पक्षी. त्याला लांबवर नजर जाईल असं मोकळं गवत लागतं. आपण मात्र अशा माळाला पडीक म्हणतो, खड्डे घेऊन झाडं लावतो आणि पुण्य केल्यासारखं घरी जातो. माळावर झाडं लावणं म्हणजे माळ मोडणंच आहे, हे एकदा सगळ्यांनी समजून घ्यायला हवं.

बाकी माळ जागा होता. डोंबारी चंडोलाचा नर चिमणीएवढा, पोटाखाली काळाभोर. तो सरळ वर चढला, पंख मिटून दगडासारखा खाली आला, जमीन लागणार तोच शीळ घालत पुन्हा वर. हे कितीतरी वेळ चाललं होतं. थोड्या अंतरावर धाविक पक्ष्यांची जोडी होती. चार पावलं पळायचं, गपकन थांबायचं, वाकून किडा टिपायचा. थांबली की मातीत अशी मिसळून जायची की नजर हटवली की हरवलीच. तेवढ्यात सर म्हणाले, “डोळ्यावरची पांढरी पट्टी धरून ठेवा की, मग सुटत नाही.” दुर्बीण नसताना हे त्यांना दिसलं होतं!

त्यांचं चित्र काढणं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. आधी कागद ओला केला, त्यावर यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्या रंगाचा, पातळ हात फिरवला आणि तो सुकायच्या आत कडेनं थोडा जांभळा सोडला. रंग आपोआप पसरला आणि वाळल्या गवतावरची सकाळची सावली तयार झाली. उजेड म्हणून कागद तसाच कोरा ठेवला. मी इतकी वर्षं ज्याला नुसतं तपकिरी म्हणत आलो, त्यात गुलाबी होता, राखाडी होता, कुसळांच्या टोकांवर चक्क चांदी होती.

पुढे वैराग, बार्शी करत येडशीच्या रामलिंगला. जिल्हा बदलतो, पण सोलापूरकरांना तो आपलाच वाटतो. बालाघाटाच्या घळीत महादेवाचं देऊळ आहे. रावणाशी झुंजलेला जटायू इथेच पडला असं लोक सांगतात. पक्षी बघायला निघालेल्या माणसाला याहून चांगलं दैवत कुठलं मिळणार?

उतारावर पळस पेटला होता. पान एक नाही, नुसती फुलं. जांभळे शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, शिवाय भोरड्यांचा गलका. ज्वारीच्या दिवसांत शेतकरी ज्यांच्यावर गोफण फिरवतात त्याच या भोरड्या. आता फुलांतला रस पिऊन मध्य आशियाकडे परतायच्या तयारीत. त्यांच्या गुलाबी अंगावर परागाची पिवळी धूळ बसली होती. सरांनी पळसासाठी लाल काढलाच नाही. आधी सगळा डोंगर निळसर राखाडी करून घेतला आणि मग केशरीचे मोजकेच ठिपके दिले. त्या ठिपक्यांनी अख्खा डोंगर तापला.

जायचं असेल तर पळस गळायच्या आत जा. नान्नजला ऊन चढायच्या आधी पोहोचा, पाणी भरपूर घ्या, गवतात गाडी घालू नका. याच दिवसांत धाविक, टिटव्या जमिनीवर अंडी घालायला लागतात. रामलिंगला माकडं फार, डबा गाडीतच उघडा. आणि ओळखीत कुणी निसर्गचित्रं काढणारं असेल तर त्यांना आवर्जून सोबत न्या.