समाजशास्त्र सुरुवातीपासून : जातीचा धडा आणि मावशीच्या पिशवीतले बायोडाटा

दर्जा, भूमिका, समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूलीचा प्राथमिक गट (घर, मित्रमंडळी असा जवळचा गट) हे सगळं झालं, ते सोपं आहे, त्यावर जास्त लिहित नाही. आता जातीवर आलो आणि इथेच रमून राहिलो, कारण बाबासाहेबांचा १९१६ चा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचायला घेतला. ९ मे ला कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमधे वाचलेला, वय तेव्हा २५. आपल्या नागपुरात बाबासाहेब म्हटलं की आधी दीक्षाभूमी आणि १९५६ डोळ्यासमोर येते, पण हा २५ वर्षांचा विद्यार्थीही तितकाच वाचला पाहिजे असं मला मनापासून वाटते.

ते म्हणतात जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न, अंतर्विवाह. मग हा नियम टिकवायचा तर गटात लग्नाच्या वयाचे बाई-पुरुष सारख्याच संख्येने पाहिजेत ना, आणि नवरा आधी गेला की बाई ‘जास्तीची’ होते, ती बाहेर लग्न करेल किंवा आतल्या एखाद्या मुलीचा वर कमी करेल, म्हणून सती नाहीतर सक्तीचं वैधव्य. बायको आधी गेली तर पुरुषाला कोणी जाळत नाही, त्याच्यासाठी लग्नाच्या वयात न आलेली पोरगी शोधतात. सती, विधवाविवाहबंदी, बालविवाह, तिन्ही एकाच हिशोबातून! कागदावर मांडून पाहा, अंगावर काटा येते.

नागपूरच्या महाल भागातली माझी मावशी लग्नं जुळवते, तिच्याकडून बायोडाटाची पिशवी आणली, नावं-फोन झाकून वाचायला बसलो. वर गणपती, मग उंची, रास, नाडी, पॅकेज. जात-पोटजात लिहिली आहे आणि खालीच गोत्र, मामेकुळ. म्हणजे जात कशाला, तर बाहेर जायचं नाही म्हणून, आणि गोत्र कशाला, तर आपल्याच कुळात करायचं नाही म्हणून! निबंधात हेच आहे, बहिर्विवाहाच्या (म्हणजे कुळाबाहेर लग्नाच्या) समाजावर अंतर्विवाह चढला की जात तयार होते, आणि दोन्ही नियम एका पानावर बोटभर अंतरावर. काहींवर ‘पोटजातीची अट नाही’ असंही आहे. मावशीला ही मोठी सुधारणा वाटते, मला वाटते कुंपण थोडं सरकलं, निघालं नाही.

पुढे समाजशास्त्रज्ञ घुर्येंचं जातीवरचं १९३२ चं पुस्तक घेतो. त्यांनी जातीची सहा लक्षणं सांगितली, लग्नाचे निर्बंध त्यातलं एकच, बाबासाहेब मात्र त्यालाच मूळ मानतात. ज्यांनी दोघांनाही वाचलं त्यांना कोणाचं जास्त पटलं ते कारणासकट सांगा, मी सध्या निबंधाच्या बाजूने आहे.