नागीण झाली, पण थँक यू म्हणायचं नाही

मागच्या नोव्हेंबरात नवऱ्याच्या कमरेवर नागीण उठली. शिंगल्स हो, पण नागीण म्हणलं की पोटात जो गोळा येतो तो शिंगल्सनी येत नाही. ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या हे नशीब. घरी येतोय तोवर शेजारच्या आजी (आम्ही आयर्लंडमधल्या कॅव्हनला राहतो, इथे लोक दार वाजवतात आणि वाजवता वाजवताच आत येतात) थेट किचनमध्ये, आणि पहिला प्रश्न काय, तर वेढा पूर्ण नाही ना झाला? टोकं जुळली की माणूस जातो म्हणे. मी बघतच राहिले, माझी सांगलीची आजी अगदी हेच म्हणायची!

मग त्यांनी एका शेतकऱ्याचा पत्ता दिला, त्याच्याकडे 'क्युअर' आहे, म्हणजे आजार उतरवायचा हातगुण. इथे प्रत्येकाचं खातं वेगळं, कुणाकडे नायट्याचा, कुणाकडे भाजल्याचा, कुणाकडे चामखिळीचा, घराण्यात चालत येतो नाहीतर सातव्या मुलाला जन्मतःच असतो. डांग्या खोकल्याला तर माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच असलेली बाई लागायची. आपल्याकडे पाटलांच्या लेकी पाटलांच्यातच दिल्यात, गावोगाव दवाखाना निघाला असता. शिवाय पोराला गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढायचं. हे असलं सगळं १९३७ ते १९३९ मध्ये शाळेतल्या पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्यांत उतरवून घेतलं, आता ऑनलाइन वाचता येतं, मी दोन रात्री जागून वाचलं.

तर तो माणूस. गोठ्यातून आला, नळावर हात धुतले, शर्टावरूनच हात ठेवला, काहीतरी पुटपुटला, झालं. दोन मिनिटं पण नाही. अजून दोनदा या म्हणाला. आजींनी बजावलं होतं, पैसे द्यायचे नाहीत आणि थँक यू तर अजिबातच म्हणायचं नाही, गुण येत नाही. बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही थँक यू म्हणणारा हा देश, आणि नवऱ्याला इथली सवय लागलेली, गाडीत बसता बसता गेलंच तोंडातून. त्या माणसाने मान वळवून गायीकडे बघितलं, काही ऐकलंच नाही असं.

खपल्या धरल्या तीन आठवड्यांत. नवरा म्हणतो गोळ्या, आजी म्हणतात क्युअर, मी गोळ्यांच्याच बाजूची, पण तिन्ही खेपांना गाडी मीच चालवली.

आईला फोनवर सगळं सांगितलं तर तिचा एकच प्रश्न, "अगं, तिकडे लेपाला दूर्वा मिळतात का?"