क्लच पेडलची स्प्रिंग आणि बत्तीस वॉशर

मॅन्युअलमध्ये क्लच पेडल सोडवण्याच्या अकरा पायऱ्या चित्रांसकट दिल्या आहेत. बसवण्यासाठी मात्र एकच ओळ: ‘जोडणी उलट क्रमाने करावी.’ त्या ओळीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाडी 1960 च्या दशकातली. केबलवरचा क्लच, वरून लोंबणारं पेडल. बुश (पेडलच्या पिनभोवतीची नळी) झिजून पेडल डावी-उजवीकडे हलायला लागलं होतं, म्हणून सगळं खोललं. नवा बुश, पिन, ग्रीस, केबल, सगळं एका सकाळीत झालं. राहिली फक्त पेडल परत वर ओढणारी स्प्रिंग. तिचा एक हूक पेडलच्या दांड्याला अडकतो, दुसरा वरच्या ब्रॅकेटच्या भोकात. एवढ्या कामाला दोन दिवस गेले.

‘स्प्रिंगशिवायही गाडी चालते, राहू दे की,’ असं एका मित्राने सांगितलं. चालते, हे खरं आहे. पण मग पेडल पूर्ण वर येत नाही आणि थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग, क्लचच्या प्रेशर प्लेटला सतत घासत राहतं. माझ्या गाडीत ते कार्बनच्या कड्याचं आहे, असं घासत राहिलं तर लवकर संपतं. ते बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. त्यामुळे स्प्रिंग बसवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे मी ठरवून टाकलं.

पहिला प्रयत्न नाकाडी पक्कडीने केला. उताणं पडून, एक हात ब्रॅकेटवर टेकवून ओढलं. हूक भोकाच्या काठापर्यंत आला आणि पक्कड सटकली. स्प्रिंग गॉगलच्या काचेवर आदळली. गॉगल नसता तर डोळाच गेला असता, म्हणून हे काम गॉगल घातल्याशिवाय कुणीही करू नये. नंतर पाहिलं तर तारेवर पक्कडीच्या दातांचे ओरखडे उठले होते. तेही वाईटच, कारण ताणाखालची तार अशाच ओरखड्यापाशी पुढे तुटते. ते बारीक पॉलिश पेपरने घासून काढले.

मग नायलॉनच्या दोरीचा फास केला आणि स्क्रू ड्रायव्हरची तरफ लावली. ताकद भरपूर मिळाली, पण डॅशबोर्डची खालची कड आडवी यायची आणि हूक दर वेळी भोकाच्या थोडासा अलीकडेच थांबायचा. संध्याकाळपर्यंत मनगटं थरथरायला लागली. (ड्रायव्हरची सीट सुरुवातीलाच काढा. चार बोल्टचं काम आहे, मी ती दुसऱ्या दिवशी काढली आणि पाठीला पहिल्यांदा आराम मिळाला.)

दुसऱ्या दिवशी ओढाओढ थांबवून आधी मापं घेतली. स्प्रिंग 90 मिमी, आणि पेडल पूर्ण वर असताना हूक अडकायच्या दोन जागांतलं अंतर 114. म्हणजे 24 मिमी कमी पडत होते. एवढी लांबी गाडीत पडून मिळवण्याऐवजी टेबलावरच मिळवायची आणि अडवून ठेवायची, असं ठरवलं. एक हूक कापड गुंडाळून व्हाइसमध्ये धरला, स्प्रिंग बाजूला वाकवली की बाहेरच्या अंगाचे वेढे उघडतात, त्या फटीत वॉशर सरकवायचा. एम-8 चा (8 मिमी बोल्टचा) वॉशर 1.6 मिमी जाड असतो, म्हणजे सोळा पुरे, असा माझा हिशेब होता. पण सोळा बसवून मोजलं तर लांबी जेमतेम निम्मीच वाढलेली. कारण वॉशर एका कडेला बसतो आणि समोरची कड मिटलेलीच राहते. मग स्प्रिंग उलटीकडे वाकवून त्याच फटींत समोरूनही एकेक घातला. एकूण बत्तीस. शेवटचे चार घालताना अंगठ्याचं नख दुखावलं, पण स्प्रिंग सरळ आणि ताठ, 115 मिमीवर थांबलेली दिसली तेव्हा मनापासून आनंद झाला.

त्यानंतर पेडल वर धरलं, आधी ब्रॅकेटचा हूक घातला, मग खालचा, दोन्ही नुसत्या बोटांनी. हूकांना आधीच ग्रीसचं बोट लावून ठेवा, नंतर तिथे हात पोचत नाही. स्प्रिंग काढण्यापूर्वी एक फोटोही काढून ठेवा, कारण दोन हूकांची लांबी वेगळी असू शकते आणि उलटी लावलेली स्प्रिंग दांड्याला घासते.

पेडल सावकाश दाबलं की स्प्रिंग आणखी ताणली जाते आणि वॉशर सुटून पडतात. खाली पांढरं कापड अंथरलं होतं. मोजले, एकतीस. एक वॉशर पेडलांच्या मधे कुठे राहिला आणि ऐन रस्त्यावर ॲक्सिलरेटरखाली अडकला तर काय होईल, या विचाराने हातपाय गार पडले. कार्पेट उचललं, चुंबक फिरवला, बॅटरी घेऊन कोपरा न् कोपरा पाहिला. अर्ध्या तासाने तो सापडला, पेडलच्या दांड्यामागे, मीच लावलेल्या जास्तीच्या ग्रीसमध्ये चिकटलेला. पुसून डब्यात टाकला, सगळे पुन्हा एकदा मोजले आणि मगच सीट परत बसवली.