वर्किंग टाइमटेबलं आणि रुलबुकं : यावेळची भर

मंडळी, पावसाळ्यात मी रेल्वेच्या जुन्या कागदपत्रांची खरेदी बंदच ठेवतो, दमट कागद घरात आणला की कसर अख्ख्या कपाटाला लागते. आता ऊन पडलंय आणि दोन भारी गोष्टी हाती आल्यात.

पहिली म्हणजे साऊथ सेंट्रल रेल्वेचं सत्तरच्या दशकातलं वर्किंग टाइमटेबल (रेल्वेच्या स्टाफसाठीचं वेळापत्रक), सोलापूर डिव्हिजन. नवीन लोक विचारतील सोलापूर आणि साऊथ सेंट्रल? तर 2 ऑक्टोबर 1966 ला हा झोन निघाला तेव्हा सोलापूर सेंट्रलकडून काढून तिकडे दिलं होतं, 1977 मधे परत आलं, त्यामुळे मधल्या काळातलं सोलापूरचं काही हवं असेल तर सिकंदराबादवाल्यांच्या (साऊथ सेंट्रलचं मुख्यालय तिथे) गठ्ठ्यात शोधावं लागतं आणि सेंट्रलचं जमवणारे तिकडे बघतच नाहीत. मला जुन्या बाजारात मिळालं, इंजिनियरिंगच्या गाइडांबरोबर सुतळीने बांधलेलं. कव्हर अर्धं गेलंय, पिना गंजल्यात, आतलं शाबूत आहे.

पब्लिक टाइमटेबल आणि हे यात जमीन-अस्मानाचा फरक. यात गाडी न थांबणाऱ्या स्टेशनांवरूनही किती वाजता पास व्हायला पाहिजे ते असतं, मालगाड्या असतात, कुठल्या पुलावर किंवा वळणावर कायमचं किती स्पीड रिस्ट्रिक्शन ते असतं. आणि इंजिनियरिंग अलाउन्स, म्हणजे रुळांच्या कामांसाठी वेळापत्रकात धरलेली जादा मिनिटं! शेवटच्या टप्प्यात गाडी रखडते आणि तरी टर्मिनसला टायमात पोचते, त्याचं बरंचसं गुपित या कॉलमात. मी तर आधी तेच पान उघडतो.

दुसरी गोष्ट, सेंट्रलचं जनरल ॲन्ड सब्सिडियरी रुल्स, एका रिटायर्ड गार्डकाकांकडून (आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण काका स्वतःला गार्डच म्हणवतात). 1976 चे जनरल रुल्स सगळ्या झोनला एकच, त्याखाली झोनने आपापले सब्सिडियरी रुल्स जोडलेले. ही कॉपी करेक्शन स्लिपांनी (नियम बदलला की पानावर चिकटवायच्या छापील चिठ्ठ्या) इतकी फुगलीय की बंदच होत नाही. ऑटोमॅटिक सिग्नलचा नियम 9.02 घ्या, सिग्नल लाल मिळाला तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबून मगच जपून पुढे जायचं, तो नियम तसाच आहे पण खालच्या सब्सिडियरी रुलवर एक स्लिप, तिच्यावर अर्धी झाकणारी दुसरी, आणि कडेला पेन्सिलीने काकांची बारीक टिकमार्क, म्हणजे वाचून चिकटवलीय, नुसती इन्स्पेक्शनसाठी नाही.

बरेच जण कोरी करकरीत कॉपी मागतात, स्लिपावाली असेल तर भाव पाडून मागतात, काही महाभाग तर वाफ देऊन स्लिपा काढतात. माझं मत उलटं आहे. कोरी कॉपी म्हणजे कुणी न वापरलेली कॉपी. स्लिपांवर नंबर आणि तारीख असते, म्हणजे एखाद्या दिवशी त्या माणसाला ड्युटीवर नेमका कुठला नियम लागू होता ते सांगता येतं, हे कोऱ्या कॉपीतून कसं कळणार? म्हणून स्कॅन करताना मी प्रत्येक पान दोनदा घेतो, एकदा स्लिप खाली आणि एकदा वर उचलून. जिथे पूर्ण चिकटलीय तिथे हात लावत नाही. फक्त एक बघा, घरच्या खळीने चिकटवलेल्या स्लिपा असतील तर ती कॉपी वेगळ्या डब्यात ठेवा, कसरीला खळ फार आवडते.

काकांबरोबर घाटाचा विषय निघाला आणि तासभर गेला. सेंट्रलवर मुंबईकडे जाणारी गाडी अप, त्यामुळे लोणावळ्याहून कर्जतला घाट उतरणारी गाडी अप आणि मागे बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावून 1 इन 37 चा चढ चढणारी डाउन, कागदावर हे वाचताना डोकं फिरतं. उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडीला ब्रेक तपासायला गाडी थांबते, गाडी ताब्यात आहे हे दिसल्याशिवाय कॅच सायडिंगचा (ताबा सुटलेली गाडी अडवायचा बाजूचा मार्ग) पॉइंट मेन लाइनला लागत नाही. पब्लिक टाइमटेबलमधे या थांब्यांचं नावही नसतं, खिडकीतल्या लोकांना वाटतं सिग्नल नाही मिळाला.

बाकी किरकोळ : कॉशन ऑर्डरची, म्हणजे ड्रायव्हरला पुढे कुठे गाडी हळू न्यायची ते लिहून द्यायच्या फॉर्मची (टी/409), दोन कोरी पुस्तकं, त्याबद्दल विशेष काही नाही. आणि परत एकदा सांगतो, चालू एडिशन कुणी देत असेल तरी मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका, त्यावर फक्त स्टाफसाठी असं लिहिलेलं असतं आणि देणाऱ्याची नोकरी जाऊ शकते. रद्द झालेलं भरपूर मिळतं.

आता शोध बार्शी लाइट रेल्वेचा. 1897 ला सुरू झालेली अडीच फुटी लाइन, सरकारने 1954 मधे घेतली, त्याआधीचं स्टाफ टाइमटेबल किंवा रुलबुक कुणाकडे असेल, फाटकं का असेना, तर सांगा. बदल्यात कोकण रेल्वेचं पावसाळी वर्किंग टाइमटेबल देईन, माझ्याकडे एकाच वर्षाचं डबल आहे, त्यातल्या एकावर चहाचा डाग आहे, तो मी ठेवतो.