आमची वाटचाल : ताव्हेर्नच्या बाकापासून फेणीच्या बाटलीपर्यंत

आमच्या बाटलीवर पेडण्याचा पत्ता आहे. पण धंदा जिथे उभा राहिला ती जागा आज महामार्गाच्या डांबराखाली आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, दोन बाक आणि एक टेबल, एवढंच आजोबांचं ताव्हेर्न, म्हणजे गावातला छोटा दारूचा अड्डा. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी ते घातलं. पाटी कधी लावली नाही, गरजही पडली नाही.

भट्टी मागच्या डोंगरात. मार्च ते मे गळून पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, तेवढी वेचायची, झाडावरचा तोडायचा नाही. कोळमीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, तुडवायचे, रस दोन-तीन दिवस आंबू द्यायचा आणि भाण, म्हणजे दारू गाळायचं भांडं, चुलीवर चढवायचं. पहिला निघतो तो हुर्राक. तो आंबलेल्या रसात घालून पुन्हा काढला की फेणी. बाबा ग्राव, म्हणजे दारूचा कडकपणा, मोजायचे, 19-20 भरला की त्यांचा चेहरा खुलायचा. आजोबा मात्र तेवढ्यावर गराफांव, म्हणजे फेणी साठवायची मोठी काचेची बाटली, भरू देत नसत. नवी फेणी आधी संध्याकाळी ताव्हेर्नात जायची.

तिथे एक म्हातारे पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, यायचे. दिवसभर माड चढून आलेले, तळहात खरखरीत. चार थेंब हातावर घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे, सुकेपर्यंत थांबायचे आणि मग वास घ्यायचे. बोंडूचा वास मागे राहिला तर मान हलवायचे. एकदा त्यांनी हात खाली केला आणि थेट माझ्याकडे बघितलं. "काल उजो कोणें वाडयलो रे?" भट्टीचा जाळ मीच वाढवला होता. लवकर आटपावं म्हणून चार लाकडं जास्त सारली होती, आणि ती करपट छटा त्यांच्या हाताला लागली. त्या दिवशीची फेणी आजोबांनी कोणाला विकली नाही.

हुर्राकाच्या दिवसांत बसायला जागा नसायची. लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, सोबत कैरीच्या फोडी. उधारी वहीत लिहायची. हंगामात पुष्कळ जण ती बोंडूच्या पाट्या आणून फेडायचे.

2009 साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला देशी दारूच्या यादीतून काढून वारसा पेयाचा दर्जा दिला, तेव्हा बाबांनी घरी नारळ फोडला. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला : महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. पुढे 20 हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी अंतर 220 मीटर केलं. आमचा उंबरठा रस्त्यापासून पंधरा पावलांवर. 1 एप्रिल 2017 ला, ऐन हुर्राकात, दार बंद. अपघात कमी व्हावेत हा हेतू मला मान्य आहे, तरी ते दार ओढून घेताना बाबांचे हात थरथरले होते. फेब्रुवारी 2018 मध्ये पंचायत भागांचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला. पण आमची ओसरी रुंदीकरणाच्या आखणीत गेली.

मोबदल्यातून तांब्याचं नवं भाण घेतलं, परवाने काढले, बाटल्या भरायला लागलो. ग्राव बरोबर, काच छान, लेबल सुंदर. तरी पहिल्याच हंगामात एका दुकानदाराने माल परत पाठवला : "धुराचा वास मारतोय." मला लगेच कळलं काय हरवलं होतं ते. ताव्हेर्न होतं तोवर भट्टीतली चूक त्याच संध्याकाळी कोणीतरी तोंडावर सांगायचं. आता विचारणारं कोणी नव्हतं.

मी पाडेलीकाकांच्या घरी गेलो. त्यांना आता माडावर चढवत नाही, पण नाक तसंच आहे. त्यांच्यासोबत जुन्या गिऱ्हाइकांतले आणखी पाच जण हंगामात दर रविवारी भट्टीवर येतात. पाडताना वाचवलेला एक बाक मी तिथे शेडखाली टाकलाय. त्यांनी हात चोळून वास घेतल्याशिवाय एकही बाटली भरली जात नाही.

गेल्या एप्रिलात त्यांनी 60 लिटर नापास केली. रविवारीच पुन्हा भाणात ओतली.