तुम्ही विचारलंत म्हणून : साइट नवी करताना जुन्या ट्युटोरियल्सचं काय करायचं?

फोटोशॉप, ब्लेंडर, इंकस्केप अशी चित्रकामाची सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या मासिकाची वेबसाइट नव्यानं उभी करायची ठरली की हा प्रश्न हमखास येतो. वर्षानुवर्षं साठलेली ट्युटोरियल्स घ्यायची, की पाटी कोरी करायची? आमचं उत्तर ठाम आहे : घ्यायची, पण पुन्हा करून पाहिल्याशिवाय एकही चढवायचं नाही. आणि हे काम होमपेजच्या रंगरूपाआधी सुरू करायचं. शिकणारा कुठेतरी अडलेला असतो, तो शोधत शोधत थेट एखाद्या ट्युटोरियलवर उतरतो.

आधी यादी. प्रत्येक जुना पत्ता स्प्रेडशीटमध्ये घ्या आणि शेजारी सॉफ्टवेअर, आवृत्ती, सरावाची फाइल, नवा पत्ता असे रकाने करा. साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या यादीवर विसंबू नका. थेट सर्व्हरवर टाकलेल्या पीएसडी आणि पीडीएफ फाइल्स तिथे दिसत नाहीत, त्या सर्व्हर लॉगमधून, म्हणजे कुठली फाइल कधी मागितली गेली याच्या नोंदींतून, काढाव्या लागतात.

पत्ता बदलणार असेल तर जुन्यावरून नव्या पानाकडे आपोआप नेणारं ‘३०१’ हे वळण लावा. सगळी जुनी पानं एकगठ्ठा होमपेजकडे वळवली तर गूगल त्यांना ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे नसल्यातच जमा, धरतं आणि शोधनिकालात मिळवलेली जागा जाते. वळण निदान वर्षभर ठेवा, जमलं तर कायमचं. नवे पत्ते रोमन लिपीत आणि छोटे असू द्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरं खातं आणि वर्डप्रेस २०० अक्षरांवर कात्री लावतं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हं उरतात, शीर्षक मध्येच तुटतं. पत्त्यात आवृत्तीचा आकडाही घालू नका, मजकूर सुधारला की तो खोटा ठरतो.

मग मजकूर. छापील अंकासाठी ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’च्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेख युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंचात, आणताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. ‘निर्मिती’, ‘वर्तुळ’, ‘दुसऱ्या’ हे शब्द शोधून डोळ्यांनी तपासा. याहून मोठा घोटाळा मेनूंच्या इंग्रजी नावांचा. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरतात, त्यामुळे साध्या टेक्स्ट फाइलवर कन्व्हर्टर चालवला की ‘लेयर’ हा रोमन शब्दसुद्धा निरर्थक देवनागरी होऊन बसतो. म्हणून मूळ पेजमेकर, इनडिझाइन किंवा वर्डची फाइल शोधा. तिथे कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते नोंदलेलं असतं, आणि फक्त मराठी तुकडे बदलता येतात. जाता जाता ‘ॲ’ एकसारखा करून घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर वेगळी चंद्रकोर दिलेली असते, आणि मग ‘ॲनिमेशन’ शोधणाऱ्याला निम्मे लेख सापडत नाहीत.

खरा वेळ जातो तो पुढे. ट्युटोरियल उघडायचं, सरावाची फाइल घ्यायची आणि लिहिलंय अगदी तसंच करत जायचं. कारण आवृत्ती बदलली की जुन्या सूचना चुकतात. फोटोशॉप सीसी २०१९ मध्ये चित्र लहानमोठं करणाऱ्या फ्री ट्रान्सफॉर्मची सवय बदलली. पूर्वी प्रमाण राखायला शिफ्ट दाबायचो, आता प्रमाण आपोआप राखलं जातं आणि शिफ्ट दाबली की चित्र ताणलं जातं. जुनी सूचना पाळणाऱ्याच्या हातून नेमकं उलटं घडतं. त्याच आवृत्तीपासून कंट्रोल-झेड एकामागून एक पायऱ्या मागे नेतं. आधी ते एकाच पायरीवर मागेपुढे करायचं. ब्लेंडर २.८० (२०१९) मध्ये निवड उजव्या क्लिकवरून डाव्यावर आली, लेयर्सच्या जागी कलेक्शन्स आली आणि अंतिम चित्र तयार करणारा जुना इंटर्नल रेंडरर गेला. तेव्हा २.७९ ची ट्युटोरियल्स दुरुस्त करत बसू नका, नव्यानं लिहा. इंकस्केप ०.९२ मध्ये इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल झाले, १.० मध्ये वाय अक्ष वरून खाली मोजू लागले. त्यामुळे जुन्या लेखातले सगळे आकडे पुन्हा काढावे लागतात. गिंप या चित्रसंपादकात २.८ पासून ‘सेव्ह’ फक्त त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल देतं, जेपीजी हवी तर ‘एक्सपोर्ट’.

फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, पण टाइमलाइन आणि ट्विनिंगचे लेख फेकू नका. फ्लॅशची ॲनिमेशन बनवणारं सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ‘ॲनिमेट’ झालं, तेच काम तिथे करता येतं.

स्क्रीनशॉट नव्यानं घ्या आणि पीएनजीत ठेवा, जेपीजीत मेनूच्या अक्षरांभोवती डाग पडतात. जुनं छोटं चित्र मोठं करून चालत नाही.

सगळं एकदम होणार नाही. गूगलचं सर्च कन्सोल शोधातून आलेल्या वाचकांची १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतं, त्यातली सर्वाधिक उघडली जाणारी पानं आधी घ्या. ट्युटोरियलच्या माथ्यावर ‘या आवृत्तीवर, या तारखेला तपासलं’ ही ओळ हवीच. ब्लॉगला मात्र मूळ तारीखच राहू द्या. ते त्या वेळचं मत असतं, ते मागाहून सुधारणं आम्हाला पटत नाही.

साइट सुरू करण्याच्या दिवशी जुन्या पत्त्यांची यादी तपासणीच्या साधनातून फिरवा. बदललेला प्रत्येक पत्ता एकाच ३०१ मधून २०० वर, म्हणजे नीट उघडणाऱ्या पानावर, पोहोचायला हवा, वळणावर वळण नको. आणि वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना दूर ठेवणारी खूण चाचणीच्या काळात केलेली असते, ती काढली आहे का ते दोघांनी वेगवेगळं बघा.